‘ऑनलाइन कोर्स म्हणजे रद्दी’: चाकण-भोसरीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण भाषा कारखान्याच्या शॉपमध्ये वावरलेल्या माणसाची आहे. मजकूर थोडक्यात असा: ऑनलाइन कोर्स म्हणजे रद्दी. हाताचं काम मोबाइलवर शिकता येत नाही. त्या सर्टिफिकेटला गेटच्या आत कुणी विचारत नाही. शंभरातले ९७ जण कोर्स अर्धवट सोडतात, हे परदेशी अभ्यासातच सिद्ध झालंय. सगळं इंग्रजीत असतं आणि पैसे उकळायचा धंदा आहे. चाळिशीनंतर डोक्यात काही शिरत नाही. आणि शेवटी, कंपनीला गरज असेल तर कंपनी शिकवेल, तुम्ही कशाला रात्री जागता?

मी भोसरीत एका व्हेंडर युनिटमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. मेसेजमधला राग मला कळतो, तो फसवल्या गेलेल्या माणसाचा आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही, आणि शेवटचं वाक्य तर अजिबात नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हाताचं काम मोबाइलवर शिकता येत नाही’

खरं आहे. वेल्डिंगला हात बसणं, फाइल मारणं, डायल लावून जॉब (म्हणजे मशीनवरचा तुकडा) सेंटर करणं, मायक्रोमीटर किती घट्ट धरायचा हे बोटांना कळणं, यातलं काहीही स्क्रीनवर होत नाही. तसा दावा कायदाही करत नाही. मान्यता न घेता पत्रव्यवहारानं इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटणाऱ्या अभिमत विद्यापीठांना सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये चाप लावला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतही इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी यांच्या पदव्या ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं देता येत नाहीत.

पण मेसेज लिहिणाऱ्यानं एक गोष्ट सोयीनं गाळली. आपल्या कामातला हाताचा भाग किती, आणि बाकीचा किती? आयटीआयमध्येसुद्धा प्रॅक्टिकलसोबत ट्रेड थिअरी असते, ती काही उगाच नाही. माझ्या टेबलावर जो माल रिजेक्ट होऊन येतो, त्यातला बराचसा हात चुकल्यामुळे आलेला नसतो. तो समज चुकल्यामुळे आलेला असतो.

ड्रॉइंगवर भोकाचा व्यास १०.० ते १०.२ मिलिमीटर दिलाय आणि पोझिशनची टॉलरन्स, म्हणजे भोकाची जागा चुकण्याची मुभा, ०.१, शेजारी वर्तुळात एम. बहुतेक ऑपरेटर तो एम बघतात आणि सोडून देतात. त्याचा अर्थ असा, की भोक सगळ्यात लहान, म्हणजे १०.० असेल तेव्हा ०.१ची मुभा, भोक जेवढं मोठं होईल तेवढी मुभा वाढत जाते. भोक १०.१५ आलं तर पोझिशन ०.२५पर्यंत चालते. हे ठाऊक नसलेला माणूस पोझिशन ०.२ दिसली की जॉब लाल पेटीत टाकतो. चांगला माल स्क्रॅपमध्ये जातो आणि वर बोलणी त्यालाच बसतात. हे शिकायला मशीन लागत नाही. कागद, पेन्सिल आणि नीट समजावणारा माणूस लागतो. तो माणूस पडद्यावर असला तरी चालतो. उलट तो चौथ्यांदा विचारलं तरी वैतागत नाही, जे मशीन लावून देणाऱ्या आमच्या सेटरबद्दल मला म्हणता येणार नाही.

सीएनसीचं, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचंही तसंच. कंट्रोलवर तसा पॅरामीटर लावलेला असेल तर प्रोग्रॅममध्ये एक्स१० लिहून पुढचं टिंब राहिलं, की मशीन ते दहा मिलिमीटर न समजता दहा मायक्रॉन समजतं. टूल कामाच्या डाव्या बाजूनं जातंय की उजव्या, यावर प्रोग्रॅममध्ये जी४१ हा कोड टाकायचा की जी४२ हे ठरतं. शॉपमध्ये मात्र ‘इथं एकेचाळीस टाक, तिथं बेचाळीस’ एवढंच सांगितलं जातं. आणि मग एखाद्या दिवशी ड्रॉइंग उलट्या बाजूनं येतं. हा भाग सिम्युलेटरवर चुका करत शिकलेला बरा. तिथं टूल आदळलं तर इन्सर्ट, म्हणजे टूलचं पातं, फुटत नाही आणि स्पिंडलचं बेअरिंगही जात नाही.

तेव्हा हाताचं काम मशीनवर, डोक्याचं काम कुठंही. दोन्ही पाहिजेत. मेसेजवाला एकाचं नाव घेऊन दुसरं बुडवतोय.

‘सर्टिफिकेटला कुणी विचारत नाही’

कुठल्या? झूमवर तासभर कॅमेरा बंद ठेवून बसल्याबद्दल जे ‘सहभाग प्रमाणपत्र’ ईमेलवर येतं, त्याला खरोखर कुणी विचारू नये. त्यावर सोनेरी सील असलं तरी.

पण सगळ्यांना एका पोत्यात भरता येत नाही. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीनं मिळून २००३ मध्ये सुरू केलेला एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम घ्या. त्याचे चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे कोर्स आज ‘स्वयम्’ या २०१७च्या सरकारी व्यासपीठावर आहेत. शिकणं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर नाममात्र शुल्क भरून केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर परीक्षा द्यायची. पुण्यातही केंद्रं असतात. अंतिम गुणांत दर आठवड्याच्या असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ टक्के. घरी बसून कुणाकडून तरी पेपर सोडवून घेण्याची सोय इथं नाही. मेट्रॉलॉजी (मोजमापशास्त्र), वेल्डिंग, मॅन्युफॅक्चरिंगच्या प्रक्रिया असे आपल्या कामाचे विषय त्यात आहेत. मात्र पातळी पदवीची असते. आयटीआय झालेल्यानं थेट त्यात उडी मारली तर दुसऱ्या आठवड्यात गणित आडवं येतं आणि ‘ऑनलाइन बेकार’ असा निकाल लागतो. त्यानं आधी केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचं ‘भारत स्किल्स’ बघावं. तिथं आयटीआयच्या ट्रेडप्रमाणे अभ्यासक्रम, प्रश्नसंच आणि व्हिडिओ आहेत. २०२३ मध्ये आलेलं ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ही आहे. तिथं कोर्स निवडताना तो राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीच्या कुठल्या स्तराचा आहे हे बघावं, आणि प्रमाणपत्र कोण देणार हे आधी वाचावं.

पदवीचं म्हणाल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार, मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते. १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करता करता पदवीधर झालेले लोक तुमच्या-माझ्या कंपनीत आहेत. त्यांच्या पगारपत्रकाकडे बघा, मग ‘कुणी विचारत नाही’ म्हणा.

मर्यादाही स्पष्ट सांगतो. वायरमनचा परवाना किंवा बॉयलर अटेंडंटचं सक्षमता प्रमाणपत्र यांचा रस्ता वेगळा आहे. ते संबंधित शासकीय यंत्रणेच्या अटी आणि परीक्षा पार करूनच मिळतं. ‘आमचा ऑनलाइन कोर्स केला की लायसन्स’ असं कुणी फोनवर सांगत असेल तर फोन ठेवून द्या.

आणखी एक. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर डॉक्टरला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. चार्टर्ड अकाउंटंटनाही ठरावीक तास शिकल्याचा हिशेब द्यावा लागतो. शिकत राहणं हा तिथं नोकरीचा भाग मानला जातो. आपल्याकडे तेच केलं की ‘रात्री कशाला जागतो रे’.

‘९७ टक्के लोक अर्धवट सोडतात’

आकडा खोटा नाही, वाचन अर्धवट आहे. २०१९च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या दोन संशोधकांनी एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सेसची २०१२ ते २०१८ ची आकडेवारी मांडली होती. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला, हे खरं.

पण त्याच लेखात आहे, की नोंदणी करणाऱ्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता. फुकट आहे म्हणून बटण दाबलं आणि विसरले. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले, त्यांच्यातलं पूर्ण करण्याचं प्रमाण होतं ४६ टक्के. १ जानेवारीला तळजाई टेकडीवर फिरायला किती गर्दी होती आणि फेब्रुवारीत किती उरली, यावरून चालण्यानं प्रकृती सुधारते की नाही हे ठरवता येत नाही. चालले कोण, ते बघावं लागतं.

मेसेजवाल्याला खरंच टीका करायची होती तर त्याच लेखात चांगला मुद्दा होता: हे कोर्स घेणारे आणि पुरे करणारे प्रामुख्यानं सधन देशांतले होते. ज्याला आधीच मिळालंय त्यालाच आणखी मिळतंय. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि खाली शेवटच्या मुद्द्यात तो परत लागणार आहे.

‘सगळं इंग्रजीत, आणि पैसे उकळायचा धंदा’

इंग्रजीचं फार ताणू नये. एनपीटीईएलच्या बऱ्याच व्याख्यानांची भारतीय भाषांत भाषांतरं झाली आहेत, मराठीतही काही आहेत. वाचताना अधूनमधून डोकं फिरतं, ते सोडा. ड्रॉइंगवरचं इंग्रजी तर आपण रोज वाचतोच.

पैशाचं मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि मेसेजमधला सगळ्यात उपयोगी भाग तोच. ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ म्हणून फोन येतो, ‘आजच सीट घ्या’ म्हणतात, आणि फी म्हणून जे भरतोय असं वाटतं ते खरं तर कुठल्या तरी फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कोर्स बंद पडला तरी हप्ता चालूच. असं कर्ज ॲपवरून घेतलं गेलं असेल तर लगेच कागद बघा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे, सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च फेडून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत करारात लिहिलेली असते, आणि ती फार छोटी असते.

पण भामटे आहेत म्हणून बाजार वाईट ठरत नाही. फुकट आणि मान्यतेचं काय आहे हे ठाऊक असणारा माणूस अशा फोनला सहज बळी पडत नाही. मेसेजनं ती माहिती दिली असती तर मीच तो पुढे पाठवला असता.

‘चाळिशीनंतर डोक्यात शिरत नाही’

पुण्यातल्या शॉपमध्ये साध्या लेथच्या जागी सीएनसी आल्या, तेव्हा त्यांच्यावर कोण उभं राहिलं? तेच टर्नर. त्यांतले कितीतरी तेव्हा चाळिशीत होते. पुढे जाऊ.

‘कंपनीला गरज असेल तर कंपनी शिकवेल’

हे वाक्य कामगाराच्या बाजूचं वाटतं, आणि म्हणूनच घातक आहे. कंपनी शिकवते, पण तिला आज जे लागतं ते, आणि ज्याला ठेवायचंय त्याला. बाहेरच्या प्रशिक्षणाला पाठवायचं झालं की यादीत इंजिनिअरचं नाव येतं, परमनंट ऑपरेटरचं क्वचित, कंत्राटी पोराचं कधीच नाही. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नसतो, कनेक्टिंग रॉड नसतो, कॅमशाफ्ट नसतो, सायलेन्सर नसतो. आपल्या पट्ट्यातली किती व्हेंडर युनिट्स याच पार्टवर उभी आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या ऑपरेटरला उद्या काय लागेल ते शिकवण्यात आजच्या मालकाचा काय फायदा?

कायद्याची वाटही बघू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारांना नवं कौशल्य शिकवण्यासाठी निधीची तरतूद आहे. छाटणी झालेल्या कामगारामागे मालकानं १५ दिवसांच्या शेवटच्या वेतनाएवढी रक्कम भरायची, आणि ती छाटणीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. म्हणजे बाहेर काढल्यावर पंधरा दिवसांचा पगार. मुदतीच्या करारावर असलेल्याची मुदत संपली तर ती छाटणी धरलीच जात नाही, मग तेही नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही. ती म्हणजे वेळ. हडपसरहून चाकणला कंपनीच्या बसनं जाणारा माणूस आठ तासांची शिफ्ट करतो, वर ओव्हरटाइम, वर पुणे-नाशिक रस्त्याचा ट्रॅफिक. नाइट शिफ्टच्या आठवड्यात तो कोर्सचा व्हिडिओ लावून पाचव्या मिनिटाला झोपतो. सधन माणसाकडे जास्त असतो तो हा वेळ. ‘कंपनी शिकवेल’ म्हणून गप्प बसलं की हा वेळ मागायचा प्रश्नच मिटतो, आणि ‘रात्री जागून शिक’ म्हटलं की तो कामगाराच्या झोपेतून वसूल होतो. दोन्हीत मालकाचा खर्च शून्य.

वेतन कराराच्या मागणीपत्रात आपण कॅन्टीन, बस, बूट, दिवाळीचं सानुग्रह अनुदान सगळं लिहितो. त्यात एक ओळ वाढवायला हरकत नाही: आठवड्याला दोन तास, शिफ्टच्या आत, पगारी, कामगारानं निवडलेल्या मान्यताप्राप्त कोर्ससाठी, जे शिकला त्याचा सराव करायला महिन्यातून एकदा मोकळं मशीन आणि सोबत एक सेटर, परीक्षेच्या दिवशी भरपगारी सुट्टी आणि पास झाल्यास शुल्काचा परतावा, कंत्राटी कामगारांनाही तेच. व्यवस्थापन दोन तासांवर घासाघीस करून एकावर येईल. एकही चालेल.