पाठिंबा देऊन पाचर मारण्याची कला

ऊन आणि वारा फुकट मिळतात ही बातमी फुटली आहे, आता ती दाबता येणार नाही. तेव्हा सौर पॅनेलला किंवा पवनचक्कीला उघड विरोध करण्याचा खुळेपणा करू नका. विरोध करणाऱ्याकडे लोक कारणं मागतात, आकडे मागतात. पाठिंबा देणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. म्हणून आधी मनापासून पाठिंबा द्या, एक दम घ्या आणि मग ‘पण’ म्हणा.

सर्वांत टिकाऊ ‘पण’ म्हणजे ‘पण तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे.’ ऑग्युस्तँ मुशो या फ्रेंच गृहस्थाने १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवून चक्क बर्फ करून दाखवला. त्याला सुवर्णपदक मिळालं. पुढे कोळसा स्वस्त आहे म्हणून सरकारने हात आखडता घेतला. १९१३ साली फ्रँक शुमन या अमेरिकी संशोधकाने इजिप्तमध्ये कैरोजवळच्या ‘मादी’ या गावी उन्हावर पंप चालवून नाईलचं पाणी शेतात सोडलं, तर वर्षभरात महायुद्ध आलं. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने उन्हाची थेट वीज करणारा सिलिकॉनचा घट दाखवला, ६ टक्के कार्यक्षमतेचा. पण तुम्ही डगमगू नका. ज्या बाळाने १८७८ साली बर्फ पाडला, त्याला अजून चालता येत नाही असंच सांगत राहा.

कुणी म्हणेल, २०१० ते २०२० या दहा वर्षांत मोठ्या प्रकल्पांतल्या सौर विजेचा खर्च जगभर सरासरी ८५ टक्क्यांनी उतरला. अशा वेळी माना डोलवा. महाग होती तेव्हा ‘स्वस्त होईपर्यंत थांबा’ असं सांगत होतात ना? आता ‘अजून स्वस्त होईल, थांबा’ असं सांगा. सल्ला तोच, कारण तेवढं बदललं.

‘रात्रीचं काय?’ हा प्रश्न हाताशी ठेवा, पण उत्तर येण्याआधी विषय बदला. जास्तीच्या विजेने पाणी उंचावर चढवून ठेवायचं आणि लागेल तेव्हा खाली सोडून वीज घ्यायची, ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. हे सांगणारा एखादा अभियंता सभेत असतोच.

खरी कमाल मात्र पैशात आहे. कोळशाच्या केंद्राला आयुष्यभर थोडं थोडं जळण विकत घ्यावं लागतं. उन्हाला जळण नाही, म्हणून जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी पुढ्यात येतो आणि तो कर्जातून भागवावा लागतो. तेव्हा पॅनेलला हात लावूच नका, व्याजाला लावा. विकसनशील देशांत सौर प्रकल्पाला भांडवल श्रीमंत देशांच्या दुपटीहून महाग पडतं. ऊन डोक्यावर सर्वांत जास्त, आणि कर्जही सर्वांत जड! यात तुम्हाला काहीच करावं लागत नाही. फक्त ‘जोखीम’ हा शब्द गंभीर चेहऱ्याने उच्चारायचा. अनुदानाचा विषय निघाला तर शब्द जपून वापरा. नाणेनिधीच्या हिशेबाने २०२२ साली कोळसा, तेल, वायू यांना मिळालेलं थेट अनुदान सुमारे १.३ लाख कोटी डॉलर होतं. त्याला ‘स्थैर्य’ म्हणायचं. छपरावरच्या पॅनेलला मिळतं ती खिरापत.

एवढं करूनही प्रकल्प उभा राहिलाच, तर राहू द्या. उद्घाटनालाही जा. तारेबद्दल मात्र अवाक्षर काढू नका. सौर किंवा पवन प्रकल्प एक ते पाच वर्षांत होतो, नव्या वीजवाहिन्यांना पाच ते पंधरा लागतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ साली मोजलं, तेव्हा बऱ्याच पुढच्या टप्प्यावर पोचलेले १,५०० गिगावॅटचे प्रकल्प केवळ ग्रिडच्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या, जोडणीसाठी रांगेत उभे होते. आदल्या वर्षी जगात जेवढी सौर आणि पवन क्षमता वाढली, तिच्या पाचपट! इतकी वीज अडवायला पूर्वी धरणं फोडावी लागली असती. हल्ली अर्ज ‘विचाराधीन’ असला की पुरतं.

नियम करायची सत्ता हाती असेल तर थोरांकडून शिका. इंग्लंडने २०१५ मध्ये जमिनीवरच्या पवनचक्क्यांवर बंदी घातली नाही, छे! स्थानिकांच्या सर्व शंकांचं निरसन झालं पाहिजे, एवढीच लोकशाहीवादी अट घातली. एकाची शंका उरली तरी प्रकल्प अडायचा. ती अट २०२४ पर्यंत टिकली. स्पेनने २०१५ मध्ये स्वतःच्या छपरावर वीज करणाऱ्यांवर आकार बसवला, लोक त्याला ‘सूर्यकर’ म्हणू लागले आणि तीन वर्षांत तो गुंडाळावा लागला. धडा काय? नाव ठेवता येईल असं काही करू नये.

भाड्याच्या घरांची चिंता नको. पॅनेल बसवायचं मालकाने, बिल वाचणार भाडेकरूचं; तिथे तुमच्याशिवायच सगळं ठप्प असतं.

आणि कधी अंधार झालाच, तर आधी पवनचक्कीकडे बोट दाखवा. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतलं टेक्सस राज्य गारठलं, तेव्हा बंद पडलेल्या विजेत सर्वांत मोठा वाटा वायूच्या केंद्रांचा होता, पण पहिल्या दिवसापासून नाव गाजलं ते गोठलेल्या पात्यांचं. खुलासे यायला वेळ लागतो, बोट लगेच दाखवता येतं.

इतकं साधलंत की तुमची तज्ज्ञ समितीवर नेमणूक होईलच. बैठक भर दुपारी ठेवा. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून पडदे ओढून घ्या, दिवे लावा, आणि विषयपत्रिकेतला पहिला मुद्दा घ्या: पुरेसा सूर्यप्रकाश उपलब्ध आहे काय?