४.१० नको असं का म्हणालो: कोल्हापूरच्या काकांना उत्तर

काका नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण उत्तर घाईत द्यायचं नव्हतं म्हणून शनिवारची वाट बघितली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मागे लिहिलं होतं की माझ्या १९९० च्या मस्टँगच्या (५.० लिटरचं व्ही८, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स) मागच्या एक्सलमध्ये ३.५५ चा क्राउन-पिनियन (चाकांना फिरवणारी दातेरी जोडी; ३.५५ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.५५ फेरे) बसवला, आणि रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीत ४.१० टाकू नका. त्यावर काका म्हणतात, "हा भित्र्या माणसाचा सल्ला आहे, अमेरिकेतले लोक जुन्या व्ही८ ला ४.१० च टाकत आलेत, आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह (शाफ्टला इंजिनपेक्षा जोरात फिरवणारा गिअर) आहे तर हायवेची भीती कशाला? आणि क्राउन-पिनियन बदलून ताकद वाढते हे तुला कोणी सांगितलं?"

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ताकद वाढत नाही. इंजिन २२५ हॉर्सपॉवरचं, ते तेवढंच राहतं, फक्त चाकाला मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो आणि त्याच प्रमाणात चाकाचा वेग कमी होतो. पोस्टमधलं वाक्य बदललंय.

हायवेचंही तुमचंच खरं आहे. माझा टायर २२५/६०-१५, म्हणजे साधारण २५.६ इंच उंच, आणि पाचवा गिअर ०.६८ चा. ताशी ७० मैलांना ३.५५ वर इंजिन २२०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास फिरतं आणि ४.१० वर साधारण २५५०. साडेतीनशे आरपीएमसाठी कोणी भांडू नये. कंपनीने दिलेल्या २.७३ वर तर हेच १७०० होतं, तेव्हा चढ लागला की गाडी पाचव्यात अक्षरशः झोपायची, चौथा टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या काळात मायलेजचे सरकारी नियम होते, त्यामुळे असे छोटे आकडे आले, आणि तो २.७३ बदलायलाच हवा यात आपलं दोघांचं दुमत नाहीच.

माझा मुद्दा पहिल्या गिअरचा आहे आणि तो मागच्या पोस्टमध्ये मी नीट मांडला नाही, ही माझी चूक. ४.१० चा सल्ला आला कुठून ते बघा. साठच्या दशकातल्या मसल कार (मोठ्या इंजिनच्या अमेरिकन गाड्या), चार गिअरचा बॉक्स, ओव्हरड्राइव्ह नाही. त्यात जो क्लोज रेशो (गिअरचे आकडे एकमेकांजवळ असलेला) मन्सी नावाचा बॉक्स यायचा त्याचा पहिला गिअर २.२० चा. आता २.२० गुणिले ४.१० करा, ९ येतात. माझ्या बॉक्सचा पहिला ३.३५ चा आहे, त्याला कंपनीच्या त्या मेलेल्या २.७३ ने गुणा, ९.१५ येतात. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये त्या काळची ४.१० वाली गाडी आणि माझी २.७३ वाली गाडी जवळजवळ सारख्याच! एक्सलचा आकडा एकटा बघून काहीच कळत नाही काका, तो गिअरबॉक्सबरोबर गुणला की मगच बोलतो. आणि माझ्या बॉक्सला ४.१० लावला की गुणाकार जातो १३.७ वर.

१३.७ म्हणजे काय ते मी दोन महिने चालवून बघितलंय, म्हणून भित्रा हा शब्द जरा लागला. इथे डेट्रॉइटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यू आहे, ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची जत्राच भरते, रस्ता सरळ आणि सिग्नलमागून सिग्नल. हिरवा झाला, क्लच सोडला, की चौक ओलांडायच्या आत पहिला संपायचा, कारण ५००० आरपीएमला गाडी जेमतेम २८ मैलांवर असते, आणि डावीकडे वळताना स्टिअरिंग फिरवायचं की गिअर टाकायचा हेच कळत नसे. पावसात तर टायर जागेवरच फिरायचा. शेवटी शेवटी मी सरळ दुसऱ्यात उचलायला लागलो, आणि मग वाटलं की पाच गिअरच्या बॉक्समधला एक गिअर आपण पैसे देऊन फुकट घालवलाय. ३.५५ वर गुणाकार ११.९, पहिला ३२ मैलांपर्यंत जातो, गाडी चटकन उचलते आणि चौकात हात मोकळा राहतो.

त्या ४.१० चा अजून एक त्रास होता तो रेशोचा नाही, बसवण्याचा. ज्या गॅरेजने काम केलं त्यांच्याकडून गाडी आणली तर ५० ते ६० च्या मध्ये मागून सतत हूंऽऽ असा आवाज. कव्हर उघडून दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवलं तर ठसा दाताच्या वरच्या काठाला उमटलेला, म्हणजे पिनियन क्राउनपासून लांब राहिलेला, शिम (पिनियनमागची अंतर ठरवणारी चकती) पातळ पडलेली. म्हणून ३.५५ मी आणि एका मित्राने स्वतः बसवला. जुनं बेअरिंग आतून घासून सैल करून घेतलं, म्हणजे दर वेळी प्रेस न लावता शिम बदलता येते, आणि तिसऱ्या खेपेला ठसा दाताच्या मधोमध आला. तो पिवळा अंडाकृती डाग बघून जो आनंद झाला तो काय सांगू. हो, स्पीडोमीटरचा छोटा प्लॅस्टिक गिअरही बदलायला लागतो, नाहीतर ७० ला काटा ९१ दाखवतो.

आता तुमच्या बाजूने एक गोष्ट, कारण "४.१० नकोच" असं सरसकट लिहिणं माझं चुकलंच. आज लोक जुन्या गाड्यांना ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स हा पाच गिअरचा बॉक्स लावतात, त्यात पहिला २.८७ चा मिळतो. त्याला ४.१० लावला तर ११.८, म्हणजे मला जे ३.५५ वर मिळतं तेच. तिथे बिनधास्त ४.१० घ्या. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) रुंद चिकट टायर लावून जाणाऱ्याचा हिशोबही वेगळा. माझा अंदाज असा की रस्त्यावरच्या वजनदार व्ही८ ला पहिल्याचा गुणाकार साडेदहा ते बाराच्या मध्ये ठेवावा, पण लहान इंजिनला हा आकडा लावू नका, त्याला जास्तच लागतो.

तुम्ही खाली विचारलंय की तुमच्या प्रीमिअर ११८ एनई गाडीमध्ये आधीच्या मालकाने कुठला सेट टाकलाय ते हौसिंग न उघडता कसं कळेल. गाडी न्यूट्रलला टाका, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड लावा. प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतच्या दांड्याला) खडूने रेघ मारा. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते कोणाला तरी मोजायला सांगा, तोच तुमचा रेशो. दोन फेरे अशासाठी की दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, म्हणून या चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राउन एकदाच फिरतो. चार फेऱ्यांच्या पुढे जो अपूर्णांक येईल तो नीट बघा, सगळं त्यातच आहे, आणि टायरच्या साइजबरोबर इथे लिहा, गुणाकार करून सांगतो.