आधी गोष्ट लिहून घ्या, वेलांट्या नंतर

माझी लेक सात वर्षांची, मुलगा पाच. दोघंही घरीच शिकतात. देवगडच्या बाजारात कोणी ओळखीचं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, “परीक्षेचं काय?” त्याचं उत्तर सोपं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत, आणि १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीलाही बसता येतं. पण मुलं स्वतःच्या मनातलं काही लिहितात का, हे मला आजवर कोणीच विचारलेलं नाही. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याचीच होती.

लेक काही महिने शाळेत जात होती. तिथे ‘माझा आवडता पक्षी’ हा निबंध फळ्यावर लिहून दिला. मोर. सगळ्या वर्गाचा आवडता पक्षी मोर! हिने लिहिलं खंड्याबद्दल, कारण आमच्या व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, तारेवर तो रोज बसतो. “निळो पक्षी पाण्यात पडता आणि वर येता तेवा तेच्या तोंडात मासो असता.” त्यावर लाल रेघ, आणि खाली शेरा, ‘फळ्यावरचे लिहावे’. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. त्यानंतर कितीतरी दिवस पोर पेन्सिल हातात घेतली की विचारायची, “आई, काय लिहू ते सांग.” मला त्या लाल रेघेचा आजही राग येतो.

घरी शिकवायला लागल्यावर मी सहा महिने तिला एक ओळही लिहायला सांगितली नाही. ती सांगायची, मी लिहून घ्यायचे. एवढ्याशा मुलांचं डोकं धावतं आणि हात रांगतो. ‘समुद्र’मधला उकार पहिला की दुसरा या विचारात असतानाच गोष्टीतली होडी पार निघून जाते. म्हणून लिहिण्याची हमाली आपण करायची. तिच्याच शब्दांत लिहायचं, एक शब्दही सुधारायचा नाही, आणि लगेच वाचून दाखवायचं. पहिल्याच आठवड्यात तिने मला पकडलं, “मी ‘गेला’ नाय म्हटलंय, ‘गेलो’ म्हटलंय!” आपला शब्द कागदावर जसाच्या तसा उतरला पाहिजे, हा हट्ट तिला तिथे कळला. लेखनाची सुरुवात यापेक्षा वेगळी काय असते?

मालवणीत लिहू दिलं तर पुढे प्रमाण मराठी बिघडेल, असं मला नातेवाईक कळकळीने सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. धाकट्याने पावसाळ्यात, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या पाहिल्या आणि म्हणाला, “होडये निजले हत. दर्याक सांग, आवाज करू नको.” हे मी ‘होड्या झोपल्या आहेत’ असं करून लिहिलं असतं, तर अर्थ राहिला असता, पण त्याचा आवाज गेला असता. पुस्तकी मराठी आम्ही रोज रात्री मोठ्याने वाचतो. ती कानावाटे येतेच आहे.

आणि कोकणातल्या पालकांनी तर लेखनाचे विषय शोधत बसूच नये. आपल्याकडे गाऱ्हाणं आहे, देवापुढे हात जोडून मोठ्याने घातलेलं साकडं! देवळात ऐकून आल्यावर मी मुलांना म्हटलं, आता कोणाच्याही वतीने गाऱ्हाणं घाला. लेक कुर्ली, म्हणजे खेकडा, झाली, ओटीवर उभी राहिली, हात जोडले. “बा दर्या म्हाराजा! जो कोण माझ्या बिळात काठी घालता, तेच्या काठयेक वाळवी लागांदे रे म्हाराजा!” आणि आम्ही सगळे, “व्हय म्हाराजा!” त्या एका होकाराने तिला असा काही जोर चढला की कुर्लीची आठ गाऱ्हाणी झाली. शेवटची दोन तिने स्वतःच्या हाताने लिहिली, कोणी न सांगता. दशावतारातही संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं, आणि नट रंगमंचावर उभ्या-उभ्या बोलतात. जत्रेत रात्र जागवणाऱ्या मुलांना रचना म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वाचणारं कोणीतरी मात्र हवं. आपल्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. त्यावरूनच आम्ही महिन्याला एक हस्तलिखित अंक काढतो. प्रत एकच, सुई-दोऱ्याने शिवलेली. ती वाडीत घरोघर फिरते. शुद्धलेखन तिथे आपोआप येतं. अंकासाठी पक्कं लिहिताना लेक स्वतःच विचारते, “ही वेलांटी बरोबर आहे ना? काकी वाचणार आहेत.” मी तेव्हाच सांगते, त्याआधी नाही.

या महिन्याचा अंक आठ दिवस शेजारच्या काकींकडेच अडकला आहे. त्यांनी कुर्लीची गाऱ्हाणी मुंबईच्या नातवाला फोनवर वाचून दाखवली, आणि तो रोज विचारतो, दर्याने ऐकलं का? लेकीने अजून ठरवलेलं नाही. काल संध्याकाळी ओहोटीला बिळं बघत बराच वेळ बसली होती. मी वही घेऊन शेजारी बसले, काही विचारलं नाही.

जिल्ह्यात आणखी कोणी मुलांना घरी शिकवत असेल तर जरूर कळवा. आमचा अंक तुमच्याकडे पाठवते, तुमच्या मुलांचा आमच्याकडे येऊ दे.