‘नको’ म्हणण्याचे काम कोणाचे?

पुण्यातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात वर्तमानपत्रांतून येणाऱ्या जाहिरात-पत्रकांवरून चांगलीच खडाजंगी झाली. शिकवणी वर्ग, गृहप्रकल्प, साड्यांचे सेल अशी चार-पाच पत्रके अंक उघडताच जमिनीवर घरंगळतात. ती विक्रेत्याने घालूच नयेत, असे एका सभासदाने सुचवले. त्यावर दोन आक्षेप आले. कागद शेवटी रद्दीत जातो आणि रद्दीचे पैसे मिळतात, मग पर्यावरणाचे बिघडले कुठे, हा पहिला. आणि पत्रके घालण्याचे विक्रेत्याला चार पैसे मिळतात, ते का तोडायचे, हा दुसरा. ॲमस्टरडॅममध्ये बसून हे वाचताना दोन्ही आक्षेप ओळखीचे वाटले, कारण त्यांची भावंडे मी येथे न्यायालयापर्यंत गेलेली पाहिली आहेत.

नेदरलँड्समध्ये टपालपेटीवर लावायचा एक छोटा स्टिकर मिळतो. ‘नेय-नेय’ म्हणजे निनावी जाहिराती नकोत आणि फुकटची स्थानिक साप्ताहिकेही नकोत. ‘नेय-या’ म्हणजे जाहिराती नकोत, साप्ताहिक चालेल. स्टिकर नसेल त्या घरी मात्र सुपरमार्केटच्या रंगीत पत्रकांचा गठ्ठा दर आठवड्याला पडणारच, अशी जुनी रीत होती. १ जानेवारी २०१८ पासून ॲमस्टरडॅमने ती उलटी केली. ज्याला जाहिराती हव्यात त्याने ‘या-या’ लावावे. काहीच लावले नाही, तर नकार समजला जाईल. (डच भाषेत ‘या’ म्हणजे ‘होय’; मराठी कानाला मात्र ते दारातले अगत्याचे आमंत्रण वाटते.) छपाई आणि वितरण व्यवसायातील मंडळी याविरुद्ध न्यायालयात गेली. रोजगार जाईल, स्वस्ताई शोधणाऱ्या गरीब कुटुंबांचे नुकसान होईल, पत्रकांच्या गठ्ठ्यातून स्वस्तात पोहोचणारी स्थानिक साप्ताहिके अडचणीत येतील, असे त्यांच्या बाजूने सांगितले जात होते. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला. तोवर उट्रेख्तसारख्या शहरांनीही हीच पद्धत स्वीकारली होती.

साप्ताहिकांविषयीची तक्रार मला आजही खरी वाटते; गल्लीतल्या बातम्या देणारा दुसरा कोणी नसतो. नावानिशी येणाऱ्या जाहिरातींना तर हा नियम लागूच नाही. त्या थांबवायच्या तर अजूनही आपणच वेगळी नोंदणी करायची.

आता रद्दीचा मुद्दा. पुण्यात रद्दीची साखळी खरोखर काम करते आणि तिच्यामागे कष्टकऱ्यांचे संघटन आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे. परंतु कागद ॲमस्टरडॅममध्येही वेगळा गोळा होतो, त्याचाही पुन्हा लगदा होतो, आणि तरीही या शहराला तेवढे पुरेसे वाटले नाही. प्रत्येक फेरीत कागदाचा तंतू आखूड होतो, शाई काढायला पाणी आणि वीज लागते, आणि छापलेले पत्रक कोणी वाचलेच नाही तर हा सगळा खर्च कशासाठी झाला, हा प्रश्न उरतोच. रद्दीवाल्याच्या तराजूत भर पडते ती मुख्यतः अंकाची. पत्रकांची त्यात कितीशी?

विक्रेत्याच्या कमाईचा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि म्हणूनच सरसकट बंदीची सूचना मला पटत नाही. पहाटे चारला अंक लावायला बसणाऱ्याला पत्रकांचे पैसे हवेच असतात. पण हवी त्या घरी पत्रके आणि बाकीच्या घरी कोरा अंक, एवढे तर वर्गणी सुरू करतानाच विचारता येईल. त्यामुळे त्याची मिळकत थोडी घटली, तर महिन्याच्या बिलात घरपोच सेवेचे दहा-वीस रुपये जास्त द्यायला आम्ही सभासदांनी तयार असले पाहिजे. गटावर हे मांडले, तेव्हा मात्र बराच वेळ कोणी काही लिहिले नाही.

ज्याला नको त्याने तसे सांगावे, हा आपल्याकडचा नेहमीचा तोडगा आहे. दूरध्वनीवरील जाहिरातींसाठी २००७ मध्ये नकार नोंदवण्याची राष्ट्रीय यादी सुरू झाली, तेव्हा हाच भार ग्राहकावर आला; त्यानंतर फोन किती शांत झाले, हे ज्याचे त्याने आठवावे.

माझी अडचण याहून साधी आहे. पुण्यातील आमची सदनिका वर्षातले अकरा महिने बंद असते. तेथे वर्तमानपत्र येत नाही, तरी दाराच्या कडीत, जाळीत, उंबऱ्याखाली हातपत्रके खोचली जातात, आणि घरात कोणी नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आपोआप कळते. समोरच्या काकू दर रविवारी ती काढून ठेवतात आणि कोऱ्या पाठीवर वाणसामानाची यादी लिहितात. त्यांना पत्रके हवी आहेत. त्यांनी खुशाल ‘या-या’ लावावे. कुलूप लावलेल्या माझ्या दाराने मात्र ‘नको’ कोणाला आणि कसे सांगायचे?