आट्यांचा आटापिटा

बोटीच्या इंजिनाखाली डिझेलचा डाग दिसला तेव्हा, खरं सांगतो, मला आनंदच झाला. टेफ्लॉन टेपचं नवं रीळ कपाटात पडून होतं आणि घरातला एकही नळ त्या आठवड्यात गळायला तयार नव्हता.

बोटीचं इंजिन जिथे बसवतात तिथे माणसाने बसायचं नसतं. डोकं खाली, पाय पायऱ्यांवर, टॉर्च दातांत. पाना फिरवावा तर कोपर आडवं येतं, कोपर सरकवावं तर पाइप. अशा शीर्षासनात मी टाकीपासून इंजेक्शन पंपापर्यंतचा जोड न् जोड खोलला, आट्यांवर चार-चार वेढे टेप गुंडाळली आणि दात-ओठ खाऊन आवळलं. इंजिन नुकतंच ऑपरेशन होऊन आल्यासारखं दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी डाग दुप्पट.

पाण्याचं एक बरं असतं. ते टपटप वाजतं, आपण खाली बादली ठेवतो. डिझेल मुकाट्याने पसरतं. जोडाखालून निघून पाइपच्या पोटाने चालत हातभर लांब जाऊन ठिबकतं, म्हणजे डाग एकीकडे आणि गुन्हेगार भलतीकडे.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने पांढऱ्या पट्ट्या पाहिल्या आणि अगदी मवाळपणे विचारलं, "साहेब, नळ बसवलात का?"

मग माझी शिकवणी झाली. आटे दोन स्वभावांचे. निमुळते आटे आत जातील तसे घट्ट होतात; गळती तेच अडवतात आणि लेप लागतो तो त्यांनाच. सरळ आटे नुसते आवळून धरतात, गळती अडवायचं काम दुसऱ्याचं. बॅंजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटातूनच डिझेल जातं असा पोकळ बोल्ट, असेल तर दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वॉशरचं, फ्लेअर जोड असेल तर शंकूवर बसणाऱ्या शंकूचं. तिथे आट्यांना टेप लावणं म्हणजे छत्री गळते म्हणून दांड्याला ठिगळ लावणं. मी लावलेल्या अकरा ठिगळांपैकी नऊ दांड्यावर होती.

उरलेल्या दोनांतला एक जोड दोन फेरे गुण्यागोविंदाने आत जायचा आणि मग अडून बसायचा. मी त्याला हट्टी समजत होतो. तो निघाला परका. पाव इंची एनपीटीला, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या आट्यांना, इंचात १८ आटे, पाव इंची बीएसपीला, म्हणजे ब्रिटिश पद्धतीला, १९. एका आट्याचा फरक, पण पत्रिका जुळत नाही ती नाहीच.

"पण टेप वाईट का?" मी बाजू लढवत होतो. तर तिचे तुकडे सुटून डिझेलबरोबर आत जातात. शिवाय ती एवढी गुळगुळीत की किती आवळलं याचा हाताला अंदाजच लागत नाही आणि पितळी फिटिंग तडकतं. टेफ्लॉन सापडलं तेही अपघातानेच. १९३८ साली रॉय प्लंकेट यांनी वायू बाहेर येईना म्हणून सिलिंडर कापला, तर आत पांढरी पूड. पुढच्या अपघातांची सोय मी केली. निमुळत्या आट्यांना डिझेलमध्ये टिकणारा पातळ लेप लावायचा, तोही पुढचे एक-दोन आटे कोरडे सोडून, असं ठरलं. घरचं सिलिकॉन चालेल का, हे मी विचारून पाहिलं. ते डिझेलमध्ये फुगतं म्हणे. मेकॅनिकचा चेहराही तसाच झाला होता.

तांब्याच्या वॉशर वापरून कडक होतात. लाल होईपर्यंत तापवल्या की पुन्हा मऊ पडतात. तेव्हा रात्री चिमट्यात धरून त्या गॅसवर तापवत उभा राहिलो. बायको दारात येऊन बराच वेळ बघत होती. "एकेकाला दोन पुरतील की आणखी भाजतोस?" एवढंच म्हणाली. त्यातली एक दुसऱ्या दिवशी बोटीच्या तळातल्या काळ्या पाण्यात पडली. खांद्यापर्यंत हात घालून मी तीन गोष्टी वर काढल्या, त्यांत वॉशर नव्हती.

अखेर सगळे जोड पुसून कोरडे केले, प्रत्येकाला टिश्यू पेपर गुंडाळला आणि इंजिन तासभर चालवलं. टिश्यू कोरडे ठाक! मी ते बायकोला दाखवले, शेजारच्या बोटीवाल्यालाही दाखवले. त्याने नको असताना पाहिले.

रविवारी निघालो. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर इंजिनाने दोनदा उचकी दिली आणि ते गप्प झालं. मला वाटलं, टाकीकडच्या नळीत हवा शिरली. त्या बाजूला पंप डिझेल ओढतो, त्यामुळे जोड सैल असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. पुन्हा शीर्षासन. हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करून टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाची दांडी अंगठा सुजेपर्यंत हलवली. बुडबुडा नाही आणि डिझेलही नाही.

पंपाचं झाकण उघडलं. आतल्या जाळीवर नखाएवढा पांढरा धागा चिकटून बसला होता. बायकोने तो दोन बोटांत धरून उन्हात पाहिला.

"हा आपल्या नळाचा ना?"