तिसरी पिन कापून संगणक सुरू होत नाही

गेल्या रविवारी शनिवार पेठेत बहिणीकडे गेले, तेव्हा भाच्याच्या टेबलावर हॅकसॉचे पाते, पितळेचा थोडा भुसा आणि पॉवर केबलच्या प्लगमधून कापून काढलेली जाड पिन पडली होती. शेजारी त्याने स्वतः जुळवलेला नवा संगणक होता. त्याचे भाग त्याने तपकीर गल्लीत चार शनिवार हिंडून, भाव करून आणले होते. सुरू केला की पडद्यावर मदरबोर्ड कंपनीचे बोधचिन्ह येई आणि तिथेच सगळे गोठून जाई. कधीकधी तेवढेही येत नसे. ‘‘मावशी, पिन कापली तरी हँग होतोय,’’ असे त्याने मला सांगितले, ते जणू उरलेल्या दोन पिनाही कापायच्या का, असे विचारावे अशा सुरात.

हा उद्योग त्याला त्याच्याच वडिलांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून पुढे पाठवलेल्या एका संदेशाने शिकवला होता. ‘सुरू होताना पीसी हँग होतो? दुकानदार कधीच सांगणार नाहीत असे पाच उपाय’ असे त्याचे शीर्षक. उपाय असे : हा हमखास व्हायरस असतो, म्हणून डिस्क फॉरमॅट करा, पॉवर बटण दाबून पंधरा वेळा बंद-चालू करा, रॅम खोडरबराने घासा, बायोस (मदरबोर्डच्या चिपमधली, संगणक सुरू करणारी प्रणाली) लगेच अपडेट करा, आणि प्लगची तिसरी पिन काढून टाका, कारण ‘अर्थिंगमधून येणारा उलटा करंट प्रोसेसरला अडवतो’. मी गेली वीस वर्षे संगणक जुळवते आणि दुरुस्त करते, आणि हाच संदेश या महिन्यात मला तिसऱ्यांदा आला आहे. तेव्हा एकदाच सविस्तर उत्तर देते, आणि पाचव्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चारांनी फार तर संगणक जाईल, पाचव्याने माणूस जाऊ शकतो.

अर्थिंगची तार नेहमीच्या कामात वीज वाहून नेतच नाही. संगणक चालतो तो फेज आणि न्यूट्रल या दोन तारांवर. मात्र एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, तोंडाशी एक गाळणी असते आणि तिच्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज व न्यूट्रल या दोघांनाही धातूच्या पेटीशी, म्हणजे पर्यायाने कॅबिनेटशी, जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जातो. ती पिन कापली की त्याला वाट उरत नाही आणि 230 व्होल्टच्या साधारण निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपासचा दाब कॅबिनेटवर येऊन बसतो. प्रवाह मिलिअँपिअरहूनही कमी असल्याने हाताला फक्त झिणझिण्या येतात. भाच्याला त्या शनिवारपासून येत होत्या, आणि ‘करंट बाहेर पडतोय, म्हणजे उपाय लागू पडतोय’ असा अर्थ त्याने लावला होता! खरा धोका पुढेच आहे. उद्या एसएमपीएसच्या आत फेजची तार पेटीला टेकली, तर अर्थिंग असताना मोठा प्रवाह वाहून फ्यूज किंवा एमसीबी तत्क्षणी उडतो. अर्थिंग नसताना काहीच उडत नाही, पूर्ण 230 व्होल्ट कॅबिनेटवर शांतपणे उभे राहतात आणि अनवाणी पायाने येऊन त्याला हात लावणारा माणूस हीच जमिनीकडे जाणारी तार ठरते. बहिणीच्या जुन्या इमारतीत आरसीसीबी, म्हणजे वीज अशी जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, तोही नाही.

तीन पिनांच्या प्लगमध्ये ही पिन इतरांपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग घालताना तिने सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे, यासाठी ती तशी केलेली आहे. शटर असलेल्या अनेक सॉकेटमध्ये आतला पडदाही तीच उघडते. भाच्याने पिन कापल्यावर प्लग आत जाईना, म्हणून त्याने अर्थिंगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर खुपसून तो बसवला होता. हे त्याने कौतुकाने करून दाखवायला घेतले, तेव्हा मी मुख्य स्विच बंद केला आणि थोडा वेळ खाली जाऊन उभी राहिले.

या मुद्द्यात तथ्याचा कण असलाच, तर तो ध्वनियंत्रणेतून आलेला असावा. दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असली, तर स्पीकरमध्ये गुणगुण येते आणि एकाचे अर्थिंग तोडले की ती थांबते, हे खरे आहे. (तिथेही तोडणे हा उपाय नव्हे, पण ते असो.) स्पीकरच्या गुणगुणीचा प्रोसेसरच्या गोठण्याशी काडीचाही संबंध नाही.

आता व्हायरस. संगणक बोधचिन्हावरच अडकतो, तेव्हा डिस्कवरच्या विंडोजचा बहुधा अजून नंबरच लागलेला नसतो. भाच्याची एसएसडी तर पाकिटातून काढलेली कोरी होती. तिच्यात विंडोज टाकायचे बाकी होते, आणि तीच डिस्क फॉरमॅट करण्याची वाट शोधण्यात त्याने एक संध्याकाळ घालवली. मदरबोर्डच्या चिपमध्येच दडून बसणारे लोजॅक्स नावाचे मालवेअर 2018 साली उघडकीस आले होते, पण ते डिस्क फॉरमॅट केल्याने जात नाही, डिस्क बदलल्यानेही जात नाही. म्हणजे व्हायरस गृहीत धरला तरी सांगितलेला उपाय चुकतोच.

पंधरा वेळा बंद-चालू करण्याचा आकडा कुठून आला असावा, याचा मला अंदाज आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पडली, तेव्हा क्लाउडवरील आभासी यंत्रे पुन्हा पुन्हा, अगदी पंधरा वेळांपर्यंत, सुरू केल्यावर काही ग्राहकांना यश आल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. तो सल्ला त्या दिवसाचा, त्या बिघाडाचा होता. नव्याने जुळवलेल्या संगणकावर तो उलटतो. डीडीआर5 रॅम असलेला मदरबोर्ड पहिल्या वेळी रॅमशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि तेवढा वेळ पडदा काळा असतो. दहाव्या सेकंदाला बटण दाबून धरणारा माणूस ते काम दर वेळी अर्ध्यावर मोडतो.

खोडरबराबद्दल मात्र नाइलाजाने थोडे मान्य करावे लागेल. जुन्या, काळवंडलेल्या रॅमच्या संपर्कपट्ट्या मऊ पांढऱ्या रबराने हलकेच पुसून मीही संगणक सुरू केलेले आहेत. त्यांतल्या निम्म्या वेळी काम रबराने केले की रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याने, हे देव जाणे. महिन्याभरापूर्वी घेतलेल्या रॅमला त्याची गरज नसते आणि रबराचा चुरा खाचेत गेला तर नवीनच बिघाड होतो.

बायोस अपडेट करावा लागतो, हेही कधीकधी खरे असते. जुन्या मदरबोर्डवर नंतर आलेला प्रोसेसर बसवताना तर हमखास. पण मध्येच गोठणाऱ्या संगणकावर ते काम सुरू करणे म्हणजे भर पुरात होडी रंगवायला घेणे होय.

भाच्याच्या संगणकाचे दुखणे मदरबोर्डसोबत आलेल्या, अजून न उघडलेल्या माहितीपुस्तिकेत होते. अनेक नव्या मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा चार टप्प्यांचे चार बारीक दिवे असतात, आणि संगणक ज्या टप्प्यावर अडतो तो दिवा पेटून राहतो. इथे रॅमचा पेटून राहत होता. पुस्तिकेतल्या आकृतीत दोन रॅम असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा असे दाखवलेले होते. याने पहिल्या दोन भरल्या होत्या, कारण ‘सुरुवातीपासून भरायच्या ना?’ खाचा बदलल्या, बायोसच्या सेटिंग पुसल्या, जपून ठेवलेल्या दुसऱ्या, तीन पिनांच्या केबलने संगणक सुरू केला, आणि मी भाच्याचे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले. साडेचार मिनिटे काळा पडदा होता. मग बायोसचे पान उघडले.

रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालवणारे एक्सपो सेटिंग चालू केले की आजही दर तीन-चार वेळांमागे एकदा तो अडतो, म्हणून तूर्त तो मूळ वेगावरच ठेवला आहे. झिणझिण्या मात्र तीन पिनांच्या केबलनेही थांबल्या नाहीत, कारण त्या सॉकेटच्या मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. वायरमनने ती सोमवारी जोडून दिली. दोन पिनांची ती केबल कुणी पुन्हा वापरू नये, म्हणून त्याच हॅकसॉने मी मधोमध कापली आहे, आणि तिचा फोटो मेहुण्यांच्या संदेशाखाली टाकला आहे.