मागे वळून बघता येतं का?

"सायकल येते ना त्याला, मग शाळेत एकटं का पाठवत नाही?" आणि "बापरे, एवढ्या ट्रॅफिकमध्ये सायकल?" ही दोन्ही टोकं मला पटत नाहीत.

तोल सावरता येणं वेगळं आणि रस्त्यावर सायकल चालवणं वेगळं. माझ्या मते खरी कसोटी एकच: हँडल सरळ ठेवून मागे बघता येतं का? बहुतेक मुलांचं मान वळली की हँडलही वळतं आणि ती नेमकी मागच्या गाडीच्या पुढ्यात जातात. मैदानात फक्कीने एक रेघ मारा. मूल रेघेवरून सायकल चालवेल, तुम्ही मागे उभं राहून बोटं दाखवा, त्याने मागे बघून किती ते सांगायचं. रेघ सुटता कामा नये. हे जमलं की एका हाताने इशारा करून वळणं. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहणं, कारण दार कधी उघडेल नेम नसतो. आणि ट्रक-बसच्या बाजूला घुसायचं नाही म्हणजे नाही, तिथलं मूल ड्रायव्हरला दिसतच नाही.

मग सुट्टीच्या दिवशी शाळेचा रस्ता. मूल पुढे, आपण मागे, आणि चौकात कधी निघायचं ते त्याने ठरवायचं. अगदीच धोका दिसला तर ओरडा, एरवी तोंड बंद. फार जड जातं हे. पण सारखं "थांब, आता चल" करत राहिलो तर मूल रस्त्याकडे न बघता आपल्या हुकमाची वाट बघतं. जर्मनीत साधारण चौथीत शाळेतच पोलिसांच्या मदतीने सायकलची परीक्षा होते. त्याहून लहान मुलांना येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही, त्यामुळे घाईही नको.

पण सगळा भार मुलांवर टाकणं अन्यायाचं आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली ४०० हून जास्त मुलं रस्त्यावरच्या अपघातांत दगावली. पुढच्या काही वर्षांत तिथले आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांच्या हत्या थांबवा' असं चळवळीचं नावच होतं. हळूहळू वस्त्यांमधला वेग उतरला, सायकलींना वेगळे मार्ग मिळाले. आज तिथली मुलं बिनधास्त सायकलने शाळेत जातात, ती मुळात या रस्त्यांमुळे. ताशी ५० च्या गाडीला थांबायला ताशी ३० च्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. तेवढ्या फरकात एखादं मूल वाचतं.

तेव्हा मुलांना गाडीने सोडणाऱ्यांना कळकळीची विनंती. शाळेच्या फाटकात गाडी आणू नका, दोन-तीनशे मीटर अलीकडे उतरवा, मुलं चालत जातील. फाटकापाशी रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांमधून सायकलवाल्या मुलांना वाट काढावी लागते, आणि तिथे त्यांनी कितीही मागे वळून बघितलं तरी पुरत नाही.